रबराची कोळंबी

माशाला नाक असतं, हे मला पुण्याच्या एका शाकाहारी माणसाने शिकवलं. मी वसईचा. मागच्या दाराने निघालो की पाच मिनिटांत समुद्र. पहिल्यांदा गळ हातात धरला तेव्हा मला चड्डीची नाडीसुद्धा नीट बांधता येत नव्हती. आणि हा माणूस, ज्याने जन्मात बोंबलाचा तुकडा जिभेवर ठेवलेला नाही, तो दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मला सांगत होता, "अहो, मासा डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त चालतो. तुम्ही त्यामागचं सायन्स समजून घ्या ना."

हा पुणेकर आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. इंजिनिअर आहे. थंडी सुरू झाली की दर शनिवारी गळ-काठी घेऊन गरवायला जातो. मासा पकडतो, त्याचा फोटो काढतो, त्याला "सॉरी" म्हणतो आणि परत पाण्यात सोडतो. जिवंत कोळंबी गळाला लावणं त्याला पटत नाही, म्हणून तो रबराची कोळंबी वापरतो. ती डबीत तेलकट पाण्यात बुडवून ठेवलेली असते आणि तिला लसणाचा आणि बडीशेपेचा वास मारलेला असतो. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसत आलो होतो. घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज पुणेकराने पुन्हा एका माशाची माफी मागितली. तीही हसायची.

गेल्या मार्चमध्ये माझी बायको गेली. सात आठवडे आजारी होती, शेवटचे तीन हॉस्पिटलात. तिला वसईला नेलं. विमानाच्या कार्गोच्या कागदावर वजन लिहिलेलं असतं, पेटीसकट. मी एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये काम करतो. आमचं मोठं गोडाऊन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे, तिथे एकवीस वर्षं मी मालाच्या कागदावरचं वजन बघून सही करतोय. कार्गोच्या काउंटरवरही सवयीने आधी वजनाचा आकडा बघितला, मग सही केली. रडलो नाही. दफनाच्या वेळीही नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, हळूहळू येईल बाहेर. मी वाट बघितली. काही आलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि आपला गाल आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं. फक्त ते उतरत नव्हतं.

मला एक मुलगी आहे, तेरा वर्षांची. ती शाळेतून तीन वाजता घरी येते, मी सहाला. मधले तीन तास ती काय करते, हे मी कधी विचारलं नाही. दार आतून लाव, गॅसला हात लावू नकोस, एवढं बजावलं की बापाचं काम संपलं असं मला वाटायचं. रात्री आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. मी हॉटेलातून आणलेलं किंवा खालच्या मल्याळी हॉटेलातून मागवलेलं. स्वयंपाकघर बंदच पडलं होतं म्हणा ना. ती फोनमध्ये बघायची, मी भिंतीकडे. भांडण नव्हतं. भांडायला लागतं तेवढंही काही आमच्यात उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आसपास माझ्या मोठ्या मेव्हणीचा वसईहून फोन आला. ती शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे, एकटीच असते. ती आडपडदा ठेवून बोलत नाही.

"भावोजी, मुलगी वयात येतेय. तिला काही झालं, पोटात दुखलं, तर ती तुम्हाला सांगणार आहे का? मार्चमध्ये चर्चमध्ये हिच्या वर्षाच्या मिस्सेला याल ना, तेव्हा तिला माझ्याकडेच ठेवा. जूनपासून इथल्या शाळेत घालू. मी फॉर्म आणून ठेवलाय. जानेवारीअखेर भरायचा आहे. तुम्ही फक्त सही करून पाठवा."

तिचं काहीही चुकत नव्हतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघतो ताई, इन्शाल्ला" म्हटलं. इथे इन्शाल्ला म्हटलं की आपण उत्तर दिलं असं आपल्याला वाटतं, आणि समोरच्यालाही ते मिळालं असं वाटतं. फॉर्म मला मेलवर आला. मी तो छापून फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवला, म्हणजे विसरणार नाही. मुलगी रोज त्याच फ्रिजमधून पाणी घ्यायची.

एकदा विचारलं तिला. "मावशीकडे राहशील वसईला?"

तिने फोनवरून मान वर केली नाही. "इफ यू वॉन्ट."

"तुला काय वाटतं पण?"

"इट्स युअर डिसिजन, डॅडी."

तेरा वर्षांची पोर माझ्या ऑफिसातल्या मॅनेजरसारखी बोलली. मला राग यायला हवा होता. मी भांडी सिंकमध्ये ठेवली.

त्याआधी ऑक्टोबरात मी तिला एकदा गरवायला नेलं होतं. तासाभराच्या अंतरावर, उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी आमची ठरलेली जागा आहे, दगडांचा छोटा बांध, पलीकडे खारफुटी. बायको असताना आम्ही तिघं जायचो. ती सोबत खुर्ची घ्यायची, थर्मास घ्यायची, आणि मला मासा लागला की मागून ओरडायची, "ओढ, ओढ, सोडू नकोस!" जशी काही गळाला तीच अडकली आहे. ती गेल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच गेलो. मी नेहमीप्रमाणे काठावरच छोट्या जाळीने कोळंबी पकडली आणि बादलीत सोडली. बादलीला बॅटरीवरचा लहान पंप लावलेला असतो, त्याने पाण्यात बुडबुडे येत राहतात आणि कोळंबी जिवंत राहते. एक उचलली, पाठीतून गळ घातला. ती हातात वळवळत होती.

मुलगी बादलीकडे बघत होती. गळाकडे नव्हे, बादलीकडे. "टर्न इट ऑफ," ती म्हणाली.

"काय?"

"द पंप. टर्न इट ऑफ, प्लीज."

"अगं, मरतील त्या."

ती उठली आणि गाडीत जाऊन बसली. दोन तास. काचा वर करून. मी इथल्या शेरी जातीचे दोन मासे पकडले, चांगले पाऊण किलोचे. घरी आल्यावर तिने त्यांना हात लावला नाही. मला वाटलं, लाडावलीय.

मला ते कळायला आठवडा लागला, तेही गोडाऊनमध्ये पाण्याच्या कूलरची बाटली बदलताना. बाटली उलटी केली आणि पाणी बुडबुडलं. हॉस्पिटलात बायकोच्या उशाशी ऑक्सिजनच्या नळीला एक पाण्याची बाटली जोडलेली होती. त्यातून तीन आठवडे रात्रंदिवस तोच आवाज येत होता. मीही तिथेच बसलो होतो. मीही तो ऐकला होता. पोरीला बादली दिसली आणि पहिल्या मिनिटात आठवलं, मला आठवडाभराने, आणि आठवल्यावरही आत काही हललं नाही. बाटली बसवली, खाली टपकलेलं पाणी पुसलं.

पण त्या संध्याकाळी मी पुणेकराची बेल वाजवली. "तुमचं ते रबराचं प्रकरण जरा समजावून सांगा," म्हटलं.

तो इतका खूश झाला की त्याने मला चहा पाजून पाऊण तास लेक्चर दिलं. जिवंत आमिष हलतं म्हणून मासा येतो, रबराचं वास सोडतं म्हणून येतो. वास पाण्यात हळूहळू सुटायला हवा. दहा-बारा वेळा फेकलं की वास धुऊन जातो, मग पुन्हा बुडवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपले हात. साबण, सनस्क्रीन, पेट्रोल, माणसाच्या अंगाचा घाम, यातलं काहीही लागलं की मासा तोंड लावून थुंकतो. "लिंबाने हात चोळायचे, मग समुद्राच्या पाण्यात धुवायचे, आणि मगच आमिषाला हात लावायचा. टोटल प्रोटोकॉल आहे."

"आणि मासा लागला की सोडून द्यायचा."

"तो माझा पर्सनल प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "तुम्ही खा."

दुकानात गेलो. दुकानदार केरळचा, तीस वर्षं दुबईत. त्याने आठ रबरी कोळंब्यांची डबी पुढे केली. "पैंतीस दिरहॅम."

"पस्तीस! म्हणजे आठशे रुपये," माझ्या तोंडून मोठ्याने निघालं. आठशे रुपयांत वसईला खरी कोळंबी किती येईल याचा हिशोब मी इतकी वर्षं इथे राहून अजून सोडलेला नाही. तरी घेतली. घरी येऊन ती मुलीसमोर टेबलावर ठेवली. "जिवंत काही नाही. पंप नाही. येशील?"

तिने डबी उघडून वास घेतला, नाक मुरडलं, पुन्हा घेतला. "ओके," म्हणाली.

त्या ओकेवर आमचे शनिवार सुरू झाले. पहाटे निघायचं, अकराच्या आत परत. पुणेकर त्याच्या गाडीने मागून यायचा. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मला एकही मासा लागला नाही. अक्षरशः एकही नाही. पुणेकराला लागायचे, सॉरी म्हणवून घेऊन परत जायचे. माझी रबराची कोळंबी जशी जायची तशी परत यायची. माझ्या बापाने हे बघितलं असतं तर त्याने मला बांधावरून खाली ढकललं असतं. पण मुलगी येत होती. बायकोच्या खुर्चीवर बसायची, कानात काहीतरी घालून ऐकत राहायची. कधी कधी एक कान मोकळा करून विचारायची, "एनीथिंग?" मी म्हणायचो, "नाही." ती परत कान बंद करायची. आठवड्यातली तेवढीच आमची बातचीत, आणि खरं सांगायचं तर मी आठवडाभर त्याची वाट बघायचो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपला माशांची वाट बघतोय असंच समजत होतो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मेव्हणीचा पुन्हा फोन. "सोमवार शेवटचा दिवस, भावोजी. सही तेवढी पाठवा." मी म्हटलं, पाठवतो. खरंच पाठवणार होतो. सही करायला काय लागतं.

त्याच गुरुवारी दुपारी मला लवकर सुट्टी मिळाली. मुलीची शाळेची सहल होती, ती संध्याकाळी येणार होती. पुणेकराने सांगून ठेवलं होतं की विकतचा वास पुरत नाही, घरीच जाडसर करायचा: तेल, लसूण, बडीशेपेची पूड, भरपूर मीठ, आणि रबर त्यात दोन दिवस मुरू द्यायचं. लसूण फ्रिजमध्ये होता. बडीशेप शोधायला मी दहा महिन्यांनी पहिल्यांदा स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं.

आता हे सांगायला हवं की मी स्टोअरचा माणूस आहे. आमच्याकडे शेल्फ उघडलं की आधी तारीख बघायची. जुनं पुढे, नवं मागे. तारीख उलटली की बाहेर. लेबल नसलेली वस्तू तर एक मिनिट ठेवायची नाही, मग ती कितीही चांगली असो. मी एकामागून एक डबे काढत गेलो. रवा, अळ्या पडलेला. पोहे. दोन वर्षं जुनं बेसन. सगळं काळ्या पिशवीत. हात आपोआप चालत होते. आणि अगदी मागे, फडक्यात गुंडाळलेली तपकिरी बिअरची बाटली.

ती काय आहे हे मला विचारायची गरज नव्हती. आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करतात. पंचवीस-तीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, कुटायचे आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचे, म्हणजे हवा जात नाही. बाटलीतला मसाला म्हणूनच त्याला नाव. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. बायको दर मे महिन्यात जाऊन स्वतः करायची आणि कपड्यांत गुंडाळून दोन बाटल्या आणायची. ही दुसरी. तळाला चार बोटं मसाला शिल्लक होता.

लेबल नाही. तारीख नाही. दीड वर्ष तरी झालेलं. घरात कुणी शिजवत नाही. पडून पडून उतरलेला माल.

मी कबाबाची सळई घालून सगळा मसाला मोकळा केला आणि लसणाच्या तेलात ओतून बोटांनी कालवला. वास तर जोरदार आहे, मासा आला तर यालाच येईल, असा विचार केला. एक शिंक आली. त्यात आठही रबरी कोळंब्या सोडल्या, झाकण लावलं. बाटली काळ्या पिशवीत टाकली आणि पिशवी मजल्यावरच्या कचऱ्याच्या खोलीत ठेवून आलो. फडकं धुवायला टाकलं. मला वाईट वाटलं नाही. एक कपाट साफ झालं याचं बरं वाटलं, एवढंच आठवतं.

शुक्रवारी आणि शनिवारी पहाटेही मी नियमाप्रमाणे हात लिंबाने चोळले. बोटांचा वास गेला, नखांत मात्र मसाल्याचं पिवळं राहिलं होतं.

शनिवारी बांधावर थंड वारा होता. मुलगी खुर्चीवर बसली, पुणेकर दहा हातांवर. मी डबी पिशवीतून काढली आणि झाकण उघडलं.

मुलीने कानातलं काढलं. दोन्ही कानांतलं. वाऱ्याने वास तिच्याकडेच जात होता. ती उठून उभी राहिली. तिने आधी मागे वळून बघितलं, गाडीकडे. कुणीतरी आलंय असं वाटून माणूस बघतो तसं.

मग डबीकडे बघितलं. "डॅडी, व्हॉट डिड यू पुट इन इट?"

मी यादी सांगितली. तेल, लसूण, बडीशेप, मीठ, मसाला.

"विच मसाला?"

मी माझ्या नखांकडे बघितलं.

"ऑल ऑफ इट?"

"तळाशी थोडाच होता गं."

"व्हेअर इज द बॉटल?"

"टाकली."

ती रडली नाही. या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. समुद्राकडे बघत ती इंग्रजीत, हळू आवाजात बोलत राहिली, शाळेत काय झालं ते सांगावं तशी. तीन वाजता घरी आली की ती आधी बूट काढते. मग खुर्चीवर चढून ती बाटली काढते, बूच उघडते आणि एकदा वास घेते. एकदाच. मग बूच लावून बाटली परत मागे ठेवते. रोज. दोनदा घेत नाही. दोनदा घेतला तर वास लवकर संपेल म्हणून.

काल बाटली जागेवर नव्हती. तिला वाटलं, मी ती स्वतःसाठी माझ्या कपाटात नेऊन ठेवली. "आय वॉज हॅपी," ती म्हणाली. "आय थॉट यू मिस हर टू."

आणि नेमकं तेव्हा पुणेकर ओरडला, "अहो लागला! लागला! तुमच्या डबीतली घेतली होती मी, लागला बघा!" मी झाकण उघडलं तेव्हाच त्याने पुढे होऊन माझ्या डबीतली एक कोळंबी उचलली होती. त्याची काठी वाकली, तो दगडांवर नाचायला लागला. चांगला किलोभराचा शेरी वर आला. त्याने फोटो काढला, सॉरी म्हटलं, गळ सोडवला आणि मासा गेला. जाताना अर्धी रबरी कोळंबी तोंडात घेऊन गेला. "सॉलिड फॉर्म्युला आहे," तो म्हणाला, आणि मग आमच्याकडे बघून पाठ फिरवून आपली काठी आवरायला लागला.

मुलीने माझ्या हातातली डबी घेतली, झाकण घट्ट लावलं आणि ती छातीशी धरून गाडीत जाऊन बसली. मी काठी गुंडाळली. परतताना तासभर ती डबी मांडीवर धरून होती.

बिल्डिंगमध्ये आल्यावर ती वर गेली आणि मी सरळ वॉचमनकडे. त्याने कचऱ्याची खोली उघडून दाखवली, रिकामी, धुतलेली. "भाईसाब, रोज सुबह गाडी ले जाती है. गुरुवार का तो खलास." मी तरीही मागच्या मोठ्या डब्यांपाशी गेलो आणि दोन पिशव्या उघडून बघितल्या. लोक बघत होते. मग तिथेच जिन्यात बसून मेव्हणीला फोन लावला.

"ताई, हिचा मसाला. हिच्या हाताचं प्रमाण तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही हो. धणे ती जास्त घ्यायची, एवढंच कळायचं. किती विचारलं, हसायची नुसती. का, संपला?"

"हो."

"माझा पाठवते ना मग. तिच्यासारखा नाही होत, पण पाठवते." मग म्हणाली, "आणि भावोजी, सही?"

"पाच मिनिटांत करतो फोन," म्हटलं.

वर गेलो. मुलगी जेवणाच्या टेबलावर बसली होती. डबी उघडी. सातही रबरी कोळंब्या टिश्यूपेपरवर ओळीने ठेवलेल्या. जॅमची एक रिकामी बाटली तिने धुऊन पुसून घेतली होती आणि चहाच्या चमच्याने ती तेलाखाली बसलेला मसाला थोडा थोडा तिच्यात काढत होती. लसणाचे तुकडे बाजूला करत. अर्ध्याहून जास्त झालं होतं. फ्रिजवरचा फॉर्म तिने काढून टेबलावर आणून ठेवला होता, शेजारी पेन.

"इफ आय गो," ती मान वर न करता म्हणाली, "कॅन आय टेक धिस?"

कुठून आलं ठाऊक नाही. इंजेक्शन उतरायला लागलं की आधी दुखतं. मला छातीपासून जबड्यापर्यंत दुखायला लागलं, इतकं की मी खुर्ची धरली. दहा महिन्यांचं सगळं एकदम आलं. पेटीचं वजन, बादलीतले बुडबुडे, "ओढ, सोडू नकोस" म्हणणारी ती, आणि रोज तीन वाजता खुर्चीवर चढणारी ही. मी मुलीसमोर हुंदके देऊन रडलो. मला लाज वाटली नाही.

"तू कुठे जात नाहीस," मी म्हटलं.

"यू नेव्हर सेड."

"नाही म्हटलं. चुकलं माझं."

"आय वेटेड," ती म्हणाली. "एव्हरी सॅटर्डे आय थॉट यू विल से."

"मला तू इथे हवी आहेस. तुझं भलं होईल म्हणून नाही सांगत. मावशीकडे तुझं जास्त भलं होईल कदाचित. मला हवी आहेस म्हणून सांगतो. आणि मला तुझ्या मम्माची आठवण येते. खूप येते. मी सांगितलं नाही, कारण मला वाटत होतं, येतच नाही."

तिने चमचा ठेवला. आता तिचे डोळे भरले होते, पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. उजव्या हाताच्या नखांत अजून पिवळं होतं, लिंबाला न जुमानणारं. तिने तो हात ओढून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. एकदा वास घेतला. मग पुन्हा घेतला.

मेव्हणीला फोन करायचा होता. मी तो डाव्या हाताने लावला. उजवा तिच्याकडे होता.